इतिवृत्त

माझं काम लिहिण्याचं. ठरवण्याचं नाही.
सेंट जॉन्सच्या टेकडीवर, बंदराकडे पाठ करून बसलेल्या इमारतीत
खोली क्रमांक दोनशे चौदा.
कॅलेंडर म्हणतं मे महिना आहे.
खिडकीतलं धुकं म्हणतं, असेलही.

टेबलापलीकडे तिघं.
अध्यक्ष भूगर्भशास्त्राचे, दगडाचं वय सांगू शकणारे.
एक कायद्याची प्राध्यापिका, आणि विद्यार्थ्यांतून घेतलेला एक पोरगा,
जो सारखा पाणी पितोय.

कझाया पार्डी. वय एकोणीस. सागरी जीवशास्त्र.
तक्रार ऑक्टोबरची.
मधे एक अख्खा हिवाळा पडला आणि वितळला.
फाईल तीन टेबलं फिरली,
एका टेबलावर सात आठवडे नुसती झोपली.
कुणी वाईट नव्हतं हो. एकजण रजेवर होता,
दुसरीला वाटलं, पहिला करतोय.
आणि वरच्या मजल्यावर दबक्या आवाजात
विद्यापीठाचं नाव, विद्यापीठाचं नाव,
झाकली मूठ.

तिला म्हणाले, प्रयोगशाळेची वेळ बदलून देतो.
तिची. त्याची नाही.
मग शुक्रवारी रात्री, बाकीचे घरी गेल्यावर,
ती एकटी शिंपले मोजत बसायची.

रिस ब्लॅगडन. वय वीस. त्याच वर्गातला.
त्यालाही पत्र गेलं होतं : ‘सदर बाबीसंदर्भात’.
बाब कोणती, ते जानेवारीपर्यंत त्याला कुणी सांगितलं नाही.
त्याची आई सात तास गाडी चालवून आली आहे,
खाली पार्किंगमध्ये हीटर लावून बसली आहे.
मी तिला चहा नेऊन दिला.
हे इतिवृत्तात नाही.

अध्यक्ष म्हणाले, अगदी सौम्यपणे म्हणाले,
पुन्हा एकदा सुरुवातीपासून सांगशील?

पुन्हा. मी मोजलं होतं, ही पाचवी वेळ.
आधीच्या चार वेळा चार वेगळ्या खोल्या, चार वेगळी माणसं,
आणि कुणीच आधीचं वाचून आलेलं नव्हतं.

ती बोलली नाही.
हीटरची नळी कुरकुरली. पोराने पाणी पिणं थांबवलं.
कायद्याच्या बाईंनी पेन खाली ठेवलं.
भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून मी लिहिलं :
*शांतता. चार मिनिटं.*

संध्याकाळी मसुदा परत आला. त्या ओळीवर लाल रेघ.
शेरा : जे बोललं गेलं तेवढंच नोंदवावं.

इथे येण्याआधी अकरा वर्षं
मी मासळीच्या कारखान्यात काट्यावर होते.
तिथला मुकादम, म्हातारा टिझार्ड, पहिल्याच दिवशी म्हणाला,
रिकाम्या टोपलीचं वजन आधी लिही, पोरी.
ते लिहिलं नाहीस
तर पुढचा प्रत्येक आकडा खोटा.
नावाड्यासाठीही, मालकासाठीही.

खरं काय घडलं, मला माहीत नाही.
त्या रात्री त्या खोलीत मी नव्हते,
हे तिघंही नव्हते.
म्हणूनच तर काटा साफ हवा.
कुणी किती थांबलं, किती वेळा सांगितलं,
कुणाला काय कळवलं नाही, कोणत्या तारखेला.
एवढं तरी आपल्या हातात होतं.

मी ओळ परत लिहिली.
खाली आणखी एक जोडली :
*तक्रारीपासून आजपर्यंत दोनशे सोळा दिवस.*
सही केली, वेळ घातली.

निकाल अजून यायचाय.

हो, एक राहिलं.
सुनावणी संपली तेव्हा दोघांनाही
एकाच लिफ्टकडे पाठवलं होतं.
कुणाच्या लक्षातच आलं नाही.
मी रिसला म्हटलं, ये, जिन्याने जाऊ,
माझे गुडघे दुखतात, हात दे जरा.
त्याचा हात थरथरत होता.
वर लिफ्टचं दार मिटल्याचा आवाज आला,
आत ती एकटीच.